विद्यापीठाचें दप्तर

मुंबई विद्यापीठाच्या जुन्या कॅलेंडरांस ‘ग्रंथ’ म्हणावें कीं नाहीं, हा प्रश्न वाङ्मयाच्या रसिकांस विचित्र वाटेल. ज्या वार्षिकांत कायदे, नियम, देणग्या, परीक्षांचे प्रश्न व उत्तीर्णांचीं नांवें यांपलीकडे फारसें कांहीं नाहीं, त्यांचें परीक्षण तें काय करावयाचें? परंतु १८ जुलै १८५७ रोजीं कायद्यानें जन्मलेल्या या संस्थेचें आत्मचरित्र कोठें असेल, तर तें याच पुस्तकांत.

या आत्मचरित्राचा मोठा गुण म्हणजे अचूकपणा. १८६२ सालच्या पहिल्या पदवीधरांत रानडे व भांडारकर होते, हें सांगावयास कोणाच्या स्मरणाची साक्ष लागत नाहीं. यादी पुरेशी आहे. प्रश्नपत्रिका तर याहून मोलाच्या. त्या काळच्या परीक्षकांस तरुणांकडून कोणतें ज्ञान अपेक्षित होतें, हें पदवीदानाच्या भाषणांपेक्षां त्याच अधिक प्रामाणिकपणें सांगतात.

दोष मात्र त्याच गुणाच्या पोटीं आहे. कॅलेंडर निर्णय सांगतें, वाद सांगत नाहीं. १८८३ सालीं स्त्रियांस परीक्षांचें दार उघडलें. तत्पूर्वीं कोणीं विरोध केला, कोणाच्या अर्जानें प्रश्न उठला, हें जाणावयाचें तर सभांचीं इतिवृत्तें, पत्रव्यवहार व टिपणें पाहावीं लागतात. रानड्यांची उत्तरपत्रिका नमुना म्हणून विलायतेस धाडल्याची आख्यायिका आपण आवडीनें सांगतों. कागद हातीं नसला म्हणजे आख्यायिकेचें फावतें.

सर्वच कागद ठेवावे, असें आमचें म्हणणें नाहीं. तसें केल्यास विद्यापीठाचें गुदाम होईल. गुणांची नोंदवही कायमची, उत्तरपत्रिका ठराविक मुदतीपर्यंत, हा विवेक हवाच. पण काय नष्ट केलें, केव्हां व कोणाच्या हुकुमानें, ही नोंद तरी अक्षय असावी. २००५ च्या माहिती-अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानें दप्तर अनुक्रमणिकेसह लावून ठेवणें हें सार्वजनिक संस्थांचें कर्तव्यच ठरविलें आहे. आज हें काम यंत्रावर सोंपवून निश्चिंत होण्याची प्रवृत्ति दिसते. प्रतिमा घेतल्यानें जीर्ण कागदाची हाताळणी वांचते खरी. परंतु हें पत्र कोणत्या फाइलींतलें, कोणत्या पत्राचें उत्तर, हा संबंध तुटला कीं ती प्रतिमा पोरकी होते. आणि यंत्रांचीं रूपें तर दहा-वीस वर्षांतच पालटतात.

हा केवळ इतिहासकारांच्या हौसेचा प्रश्न नव्हे. चाळीस वर्षांपूर्वींच्या पदवीचा दाखला मागावयास येणाऱ्या निवृत्त शिक्षकाचें सारें आयुष्य नोंदवहीच्या एका ओळीवर उभें असतें. ती ओळ सांपडली नाहीं, तर खोटें कोण ठरतें? विद्यापीठ नव्हे, तो.

राजवाडे याच विद्यापीठाचे पदवीधर. १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांसाठीं त्यांनीं वाड्यावाड्यांतून दप्तरें धुंडाळिलीं. कागदांचें मोल ठाऊक नव्हतें, ही सबब त्या वाड्यांच्या धन्यांस तरी होती. ज्यानें राजवाड्यांस पदवी दिली, त्या विद्यापीठास ती कशी शोभेल?