कौशल्य कोणाचं? ‘स्टारड्यू व्हॅली’तली मासेमारी

रोल-प्लेइंग गेममध्ये कौशल्य नेमकं कोणाचं असतं, खेळणाऱ्याचं की पडद्यावरच्या पात्राचं? हा प्रश्न आज आपण एका छोट्या गोष्टीवरून तपासणार आहोत: ‘स्टारड्यू व्हॅली’मधली मासेमारी. एरिक बॅरोन यांनी एकट्याने बनवलेला हा शेतीचा गेम २०१६ साली आला.

वसंताच्या दुसऱ्याच दिवशी विली नावाचा कोळी पत्र पाठवून किनाऱ्यावर बोलावतो आणि बांबूची काठी हातात देतो. बाकीचं बहुतेक आपल्यावर सोडतो. गळ टाकायचा, वाट बघायची, उद्गारचिन्ह दिसलं की बटण दाबायचं. मग एक उभा रकाना उघडतो. त्यात मासा वर-खाली पळतो आणि एक हिरवी पट्टी आपल्या ताब्यात असते. बटण दाबून धरलं की ती वर चढते, सोडलं की खाली पडते. मासा पट्टीत राहिला तर शेजारचं माप भरत जातं, निसटला तर उतरतं. माप रिकामं झालं की मासा गेला.

आता बघा, नवखा माणूस काय करतो? माशामागे धावतो. बटण दाबून धरतो, तर पट्टी माशाला ओलांडून पुढे जाते. घाबरून सोडतो, तर ती तळाला आपटून उसळते. इथे शिकणं म्हणजे जोर कमी करणं. हलक्या टिचक्या देत राहिलं की पट्टी एका जागी तरंगते. खाली येताना वेळेवर एक टिचकी दिली की आपटणं टळतं. शिवाय प्रत्येक माशाची चाल निराळी. ट्यूना संथ सरकतो, सार्डिन, म्हणजे आपली तारली, झटके मारते, ऑक्टोपस तळाकडे झेपावतो. माशाचं नाव एरवी पकडल्यावर कळतं, पण सरावलेल्या बोटाला अंदाज आधीच येतो.

पण एक मोठी अडचण आहे. मासेमारीच्या १० पातळ्या आहेत आणि पातळी वाढेल तशी हिरवी पट्टी मोठी होत जाते. म्हणजे ज्याचा हात सर्वात कच्चा, त्याच्याच वाट्याला सर्वात लहान पट्टी! जिन्याची पहिलीच पायरी सर्वात उंच. यावर उपाय आहे: विलीच्या दुकानात २५ नाण्यांना शिकाऊ काठी मिळते. तिने पट्टी मोठी होते, मात्र साधेच मासे लागतात. उपाय चांगला आहे, पण तो दुकानात जाऊन शोधावा लागतो. त्याआधीच वैतागून कोणी गळ कायमचा ठेवून दिला, तर दोष आम्ही रचनेला देऊ, खेळणाऱ्याला नाही.

मग दहाव्या पातळीवर सहज लागलेला मासा आपला की आकड्याचा? खेळता खेळता हे सांगता येत नाही. पण नवीन शेत सुरू करून बघा. पातळी शून्य, पट्टी पुन्हा लहान, काठी तीच बांबूची. तरी पहिल्या वेळी हातून सुटलेले मासे आता लागतात. आकडे जुन्या शेतावरच राहिले, टिचकी मात्र आपल्याबरोबर आली. तलवार चालवणं फक्त आकड्यांवर सोपवणाऱ्या गेममध्ये नवं पात्र घेतलं की सगळं शून्यापासून सुरू होतं. इथे तसं होत नाही, आणि म्हणूनच त्या उंच पायरीसकट ही मासेमारी आम्हाला मोलाची वाटते.

गेमची समीक्षा करताना आपण कथा बघतो, चित्रं बघतो. नियम काय शिकवतात आणि त्यातलं आपल्यापाशी काय उरतं, तेही बघायला हवं. चला, आता प्रश्न घेऊया.