भरवशाच्या म्हशीला टोणगा

नंदाला गुन्हेगार ठरवायला १९६९ साली छाती लागत होती. मास्टर विनायकांची ही मुलगी 'छोटी बहन'पासून साऱ्या देशाची बहीण होऊन बसली होती. यश चोप्रांनी 'इत्तेफाक'मध्ये तिला एका रात्री, एका घरात, वेड्यांच्या इस्पितळातून पळालेल्या राजेश खन्नासमोर उभं केलं. गाणं एकही नाही. प्रेक्षक दीड तास त्या पळपुट्याकडे संशयाने बघत राहतो, कारण नंदाकडे तसं बघायचं त्याच्या मनातच येत नाही. (रहस्य फोडलं म्हणून रागावू नका. पन्नासहून जास्त वर्षं झाली.)

सस्पेन्सचा विषय निघाला की आपण शेवटच्या धक्क्याबद्दल बोलतो. जुने चित्रपट पुन्हा बघताना मला वाटतं, खरा जीव त्या धक्क्यात नव्हताच. प्रेक्षकाचा नटावरचा भरवसा हे त्या दिग्दर्शकांचं भांडवल होतं, आणि ते नेमकं कधी उधळायचं हे ज्याला कळलं तो उस्ताद.

हॉलिवूडकडे हे भांडवल मुबलक होतं. 'सस्पिशन'मध्ये (१९४१) कॅरी ग्रँट बायकोसाठी दुधाचा पेला घेऊन अंधाऱ्या जिन्याने वर येतो. पेला उजळून दिसावा म्हणून हिचकॉकने दुधात दिवा ठेवला होता, हा किस्सा सिनेमावाले हमखास सांगतात. पण डोळे दुधावर असले तरी मन ग्रँटपाशी अडकलेलं असतं. इतका देखणा, इतका मिश्कील माणूस विष घालेल? मूळ कादंबरीत नवरा खुनीच आहे. पडद्यावर मात्र तो निर्दोष ठरतो, आणि हिचकॉक पुढे त्याचं खापर स्टुडिओवर फोडत राहिला. 'व्हर्टिगो'त (१९५८) त्याने ही कसर भरून काढली. जेम्स स्टुअर्ट म्हणजे अमेरिकेचा लाडका सज्जन. तो इथे दुकानात काम करणाऱ्या एका मुलीला मेलेल्या प्रेयसीसारखे कपडे घालायला लावतो, केस रंगवायला लावतो, अंबाडासुद्धा तसाच बांधायला लावतो. रहस्य तर शेवटाच्या बरंच आधी, तिने लिहून फाडून टाकलेल्या पत्रातून, आपल्याला सांगून टाकलेलं असतं. त्यानंतर भीती वाटते ती स्टुअर्टचीच.

बंगळूरकरांना असलं इंग्रजी काही बघायचं तर प्लाझा थिएटर होतं, रेक्स होतं. प्लाझाच्या जागी आता मेट्रोचं स्टेशन आहे, रेक्स २०१८च्या अखेरीस बंद झालं. पण या शहराचा स्वतःचाही सस्पेन्स आहे, आणि त्याचा एक धागा मुंबईच्या मराठी रंगभूमीपर्यंत जातो. कन्नडचा नट-दिग्दर्शक शंकर नाग आधी तिथे मराठी नाटकांत होता. पटवर्धन दांपत्याच्या '२२ जून १८९७' या चित्रपटाच्या पटकथेतही त्याचा हात होता. १९८५ साली त्याने कन्नडमध्ये 'अॅक्सिडेंट' केला. बड्या घरची नशेतली पोरं फुटपाथवर झोपलेल्या मजुरांना गाडीखाली चिरडतात. गाडीत कोण होतं हे आपल्याला सुरुवातीलाच कळतं. मग उत्कंठा कसली? तर हे उघडकीला येऊ देतात का, याची. मुलाला वाचवणारा राजकारणी बाप झाला आहे अनंत नाग, म्हणजे शंकरचा सख्खा थोरला भाऊ आणि त्या वेळचा कन्नडमधला सालस नायक. ज्या मवाळ चेहऱ्यावर प्रेक्षक भाळले होते, तोच चेहरा इथे प्रकरण दडपायला बसतो. याही चित्रपटात गाणी नाहीत. बंगळूरच्या रिक्षांच्या पाठीवर शंकरचा फोटो आजही दिसतो, पण तो त्याच्या 'ऑटो राजा' चित्रपटाच्या प्रेमापोटी. 'अॅक्सिडेंट'ची आठवण काढणारे कमी.

सुनील कुमार देसाईचा 'तर्क' (१९८९) हाही बिनगाण्यांचा, शंकरलाच घेऊन केलेला. मग बरीच वर्षं सोडून पवनकुमारच्या 'यू टर्न'पाशी (२०१६) यावं लागतं. डबल रोडच्या उड्डाणपुलावर दुचाकीवाले दुभाजकाचे दगड सरकवून मधूनच वळतात आणि दगड रस्त्यात तसेच टाकून जातात. एवढीशी बेपर्वाई, पण तिच्यावर सगळा चित्रपट उभा आहे. उत्तरार्धात भुताटकी आणली ती मला आजही सोयीची पळवाट वाटते. तरी त्या दगडांसाठी सगळं माफ. इथे भरवसा नटावर नाही, आपला स्वतःवरच आहे: आपण कुठे कोणाचं वाईट करतो?

आताच्या वेब मालिकांचं घोडं इथेच अडतं. पहिल्या भागापासून सगळेच संशयित, प्रत्येकाला एक काळा भूतकाळ, दर भागाच्या शेवटी उत्कंठेचा एक गळ टाकलेला. कोणावर विश्वासच बसू द्यायचा नाही, तर तो मोडणार कसा? आठ तास हाताशी असून ओळख कोणाचीच होत नाही.

अपवाद आहेत. 'रिप्ली'त (२०२४) स्टीव्हन झेलियनने लांबीचा उपयोग उलटा केला. खून चटकन उरकतो, पण त्यानंतरची निस्तरानिस्तर संपत नाही. नांगराच्या दोरात पाय अडकून रिप्ली झालेला अँड्र्यू स्कॉट पाण्यात पडतो आणि कोणी चालवत नसलेली नाव गोल गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. प्रसंग जवळजवळ मुका आहे, आणि आपण मनातल्या मनात खुन्याला मदत करू लागतो. मराठीत 'मानवत मर्डर्स'ने (२०२४) जुनी युक्ती ओळखली. मानवतचं खून प्रकरण महाराष्ट्राला पाठ, तेव्हा धक्क्याला वाव नव्हता. मग मकरंद अनासपुरेंना त्यात उभं केलं. ज्या माणसाने तोंड उघडलं की आपण हसायला तयार असतो, त्याच्याकडे सावधपणे बघावं लागतं. तपास मध्ये मध्ये रेंगाळतो, पण ही निवड अचूक.

कन्नडची अडचण आणखी वेगळी होती. २०२४पर्यंत मोठे ओटीटी मंच कन्नड मालिकांना सहसा हात लावायला तयार नसत. रक्षित शेट्टीच्या संस्थेला 'एकम' ही मालिका २०२४मध्ये स्वतःच्याच संकेतस्थळावर दाखवावी लागली. भरवशाचा चेहरा मात्र कन्नडकडे आजही आहे. मेट्रोच्या खोदकामात सांगाडे सापडतात त्या 'कवलुदारी' चित्रपटात (२०१९) अनंत नागने निवृत्त पोलीस अधिकारी उभा केला, आणि तो पडद्यावर असेपर्यंत बाकीच्यांकडे लक्ष जात नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्या या नटाला घेऊन कोणी सहा भागांचं काही करणार असेल, तर माझी एकच मागणी आहे. या खेपेला त्याला पोलीस करू नका, पुन्हा 'अॅक्सिडेंट'मधला बाप करा.