मूल्य : स्वाध्याय

दरवर्षी श्रुतपंचमीला आम्ही बायका बस्तीतलं पुस्तकांचं कपाट रिकामं करतो. पुस्तकांना ऊन दाखवायचं, धूळ झटकायची, फाटलेल्यांना नवीन वेष्टन घालायचं. यंदा पुसता पुसता मी नुसता किमतीचा रकाना वाचत गेले. मूल्य : स्वाध्याय. मूल्य : सदुपयोग. मूल्य : नित्य पठण. रुपयांत किंमत छापलेली पुस्तकं मोजून अकरा निघाली. बाकीच्यांच्या पहिल्या पानावर दात्याचा फोटो, कुणाच्या तरी पुण्यस्मरणार्थ असा मजकूर, आणि लिहिणारी बाई असेल तर तिचं नाव आतल्या पानावर, बारीक टायपात, मागं 'संकलन' हा शब्द जोडून. दहा वर्षं खपून लिहिलं तरी संकलनच!

'स्वतंत्र प्रकाशन' हा शब्द अलीकडं नवलाईनं बोलला जातो. आपल्याकडं ते शंभरावर वर्षं चालू आहे. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाच्या दारात आपण कधी गेलोच नाही. शास्त्रदान म्हणून घरातून पैसे निघाले, गावच्या छापखान्यात पुस्तक छापलं, पंचकल्याणकात वाटलं. एवढं सोपं. या पद्धतीनं पुष्कळ टिकवलं हे मी पहिल्यांदा कबूल करते, कारण पुढं मी तिला नावं ठेवणार आहे.

सुरुवात काही सुखाची नव्हती. धर्मग्रंथ छापायलाच एकेकाळी आपल्या लोकांचा विरोध होता. सरस जनावराच्या कातड्या-हाडांचा, ग्रंथ कुणाच्याही हाती जाणार, रद्दीत पडणार, अविनय होणार. त्या वातावरणात सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशींनी १८८५ मध्ये 'जैन बोधक' काढलं. पुढं १९३९ मध्ये अमरावतीहून प्रा. हीरालाल जैन यांनी 'धवला'चा पहिला भाग छापला. मूडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतकं बंद असलेला ग्रंथ, सोळा भाग, जवळजवळ वीस वर्षांचं काम. त्याला विदिशाच्या एका शेठांचं दान होतं आणि ग्रंथमालेला त्यांचं नावही आहे. पण पाठ कुठला घ्यायचा हे शेठांनी ठरवलं नाही. ते विद्वानांनी प्रती ताडून ठरवलं. आपल्या सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी तर 'प्रवचनसार', 'परमात्मप्रकाश' यांच्या आवृत्त्यांत एकेका शब्दासाठी किती प्रती पाहिल्या ते प्रस्तावना वाचून कळतं. आणि बाईचं काम नाही म्हणणाऱ्यांसाठी सांगते, सोलापूरच्या पंडिता सुमतीबाई शहा यांनी संपादित केलेला 'षट्खंडागम' १९६५ मध्ये छापला गेला.

म्हणजे पैसा दात्याचा आणि अधिकार संपादकाचा, अशी वाटणी आपल्याकडं होती. ती बाईच्या पुस्तकाच्या वाट्याला मात्र आली नाही.

माझ्या आत्याचंच सांगते. बाविसाव्या वर्षी ती विधवा झाली. माहेरी राहून तिनं शिखरजी, श्रवणबेळगोळ, कुंभोजच्या बाहुबलीच्या यात्रा केल्या आणि सगळं वहीत लिहून ठेवलं. २००६ च्या महामस्तकाभिषेकाच्या वेळी एका दात्यानं त्याची पुस्तिका करून दिली, पाचशे प्रती. छापून आल्यावर बघतो तर दोन प्रकरणं गायब. एकात घरच्या लग्नकार्यात तिला मागच्या खोलीत कसं बसवायचे ते होतं. दुसऱ्यात भावांकडं जमिनीचा वाटा मागितला तेव्हा काय झालं ते. भावांत माझे वडीलही आले. दाते म्हणाले, "धर्माच्या पुस्तकात घरची उणीदुणी कशाला?" फुकट छापून देणाऱ्याला काय बोलणार? आत्या गप्प बसली. आम्हीही बसलो, आणि आमच्या गप्प बसण्यात आमचा स्वार्थ होता.

लॉकडाऊनमध्ये भाच्याच्या मदतीनं मी त्या वहीचं ई-पुस्तक करायला घेतलं. डीटीपीवाल्याकडची जुनी फाईल उघडली तर रोमन चिन्हांची खिचडी, कारण फॉण्ट जुना, युनिकोड नव्हे. सगळं नव्यानं टाईप केलं. फोनवर बोलून टाईप करायला गेले तर 'निर्जरा'चं 'नजरा' आणि 'सल्लेखना'चं 'सुलेखन'. चार महिने प्रूफं बघितली. दोन्ही प्रकरणं जागेवर घातली. कुणाला विचारावं लागलं नाही!

ई-पुस्तकाचं माझ्या लेखी खरं मोल इथं आहे. कागद वाचतो, कपाट लागत नाही, या किरकोळ गोष्टी. छपाईचा पैसा मध्येच नाहीसा झाला की त्या पैशामागं उभा असलेला माणूसही नाहीसा होतो. दुसरं मोल डोळ्यांचं. पीडीएफ म्हणजे छापील पानाचा फोटोच, मोबाईलवर अक्षर खसखशीएवढं, वाचायला पान डावी-उजवीकडं सरकवत बसा. ई-पब फाईलमध्ये अक्षर हवं तेवढं मोठं होतं आणि ओळी आपोआप जुळतात. मोतीबिंदू झालेल्या आत्यानं स्वतःचं लिखाण कित्येक वर्षांनी स्वतः वाचलं ते असं.

पण मग गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या भगिनींची जी वीसेक ई-पुस्तकं माझ्याकडं आली, ती वाचून मन खट्टू का झालं? यात्रावर्णनं, व्रतकथा, आजीच्या आठवणी, चातुर्मासातल्या स्वयंपाकाची दोन. विषय चांगले. एकीनं तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या आईबद्दल लिहिलंय, ती पानं मी दोनदा वाचली. त्याच पुस्तकात 'निर्जरा'च्या जागी 'नजरा' सात ठिकाणी! एकीच्या व्रतकथेत राणीचं नाव चौथ्या पानावर एक आणि नवव्या पानावर दुसरंच. पूर्वी छापखान्यातला जुळारी निदान विचारायचा, "बाई, हे असंच ठेवायचं का?" आता तोही गेला. दाता गेला म्हणून आपण आनंदलो आणि त्याच्या मागोमाग संपादक, मुद्रितशोधक, जुळारी सगळ्यांनाच निरोप दिला. आपलं लिखाण दुसऱ्या बाईला वाचायला देऊन तिच्या खुणा सोसणं आपल्याला जड जातं, हे मला स्वतःवरूनच माहीत आहे. माझ्या मैत्रिणीनं या लेखातले दोन परिच्छेद कापायला लावले, दोन दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही.

आणि किमतीची सवय तर हललीच नाही. ई-पुस्तकावरही 'मूल्य : स्वाध्याय'. जिनवाणी विकायची नाही हे मला मान्य आहे. पण आजीच्या आठवणी म्हणजे जिनवाणी नव्हे, आणि दशलक्षणाच्या दहा दिवसांचा स्वयंपाकही नव्हे. फुकट वाटणं मुळात वाईट असंही मी म्हणत नाही. ठाण्याचं ई साहित्य प्रतिष्ठान कितीतरी वर्षं मराठी पुस्तकं विनामूल्य देतं, पण तिथं पुस्तकाला मुखपृष्ठ असतं, लेखकाचं नाव असतं. आपल्याकडं फुकट म्हणजे बेवारशी.

हे मी रागानं लिहितेय, कारण आत्याचं ई-पुस्तक आम्ही विनामूल्यच पाठवलं होतं आणि आठ महिन्यांनी ते मला परत आलं. दुसऱ्या गावाहून, सकाळच्या सुविचारांबरोबर. आत्याचं नाव नाही. 'संकलन' म्हणून भलतंच नाव. आणि ती दोन प्रकरणं पुन्हा काढलेली. दात्यानं निदान तोंडावर सांगितलं होतं! आत्याला दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, मग मी यात्रेला गेले तरी होते का?"

ताडपत्राला कसर लागते म्हणून भोजच्या आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेनं धवलादी ग्रंथ ताम्रपत्रांवर कोरले गेले. फाईलची कसर वेगळी. ती पानं खात नाही, पुस्तक साबूत दिसतं आणि आतली बाई नाहीशी होते.

म्हणून दुसऱ्या आवृत्तीला आम्ही किंमत लावली, साठ रुपये. आयएसबीएन क्रमांक घेतला, तो आपल्या देशात मोफत मिळतो. अमेझॉनच्या किंडलवर २०१६ पासून मराठी आहे, पुस्तक तिथं ठेवलं. सरकारचाही एक न्याय सांगून ठेवते. छापील पुस्तकाला जीएसटी नाही. ई-पुस्तकावरचा अठरा टक्क्यांचा कर २०१८ मध्ये पाचवर आणला, पण ज्याची छापील आवृत्ती आहे त्याच पुस्तकाला. जिला छापायला पैसे मिळाले नाहीत म्हणून जी ई-पुस्तकाकडं वळली, तिच्याच पुस्तकावर कर जास्त!

किमतीवरून बस्तीत बोलणं झालंच. एक अक्का म्हणाल्या, "आत्याच्या पुस्तकाचे पैसे घेताय होय?" मी म्हटलं, "घेतोय, आणि आत्याच्या खात्यावर जमा करतोय." आत्तापर्यंत एकोणतीस प्रती गेल्यात. बँकेचा मेसेज आला की आत्या मला वाचून दाखवायला लावते.

श्रुतपंचमीला कपाटात तिच्या २००६ च्या पुस्तिकेच्या तीन प्रती सापडल्या. ती दोन प्रकरणं कागदावर काढून मी तिन्ही प्रतींत त्यांच्या जागी टाचून ठेवली आहेत. किमतीच्या रकान्याला हात लावला नाही.