बरें होण्याचें वाङ्मय

मराठी वाङ्मयांत मरणाला जेवढी प्रशस्त जागा मिळाली आहे, तेवढी दुखण्यांतून उठण्याला मिळालेली नाहीं. कादंबरींतील नायिकेला खोकला लागला, कीं वाचक समजून चुकतो; आणि एखाद्या पात्राला बरें व्हावयाचेंच असलें, तर तें दोन प्रकरणांमधल्या कोऱ्या जागेंत बरें होऊन जातें. महिनाभरानें आराम पडला, एवढ्या वाक्यावर लेखकाचें भागतें. त्या महिन्यांत घरांत काय घडलें, कोणी कोणासाठीं काय केलें, हें सांगण्याजोगें आहे असें त्यास वाटत नाहीं. २०२० व २०२१ सालच्या कोरोनाच्या साथीसंबंधीं मराठींत जें लिहिलें गेलें, त्यांतलें कांहीं वाचतांना ही जुनी उणीव आम्हांस पुन्हां जाणवली.

साथी महाराष्ट्राला नव्या नाहींत. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला. १८९७ सालीं साथीच्या रोगांचा कायदा झाला; त्याच वर्षीं पुण्यांत रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले प्लेगानेंच गेल्या, आणि त्याच वर्षीं रँडसाहेबावर गोळी झाडली गेली. १९०५ सालीं केशवसुत हुबळीस प्लेगानें वारले, व पाठोपाठ त्यांची पत्नीही गेली. घरझडतीचा संताप आणि थोरांचे मृत्यु आमच्या स्मरणांत राहिले, हें योग्यच झालें. परंतु जे प्लेगांतून उठले, गांवाबाहेरच्या झोपड्यांतून परतले, त्यांनीं दाराचें कुलूप काढून आंत पाऊल टाकलें तेव्हां त्यांना काय दिसलें, हें सांगणारें पान विरळा. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' हा मोठा अपवाद. तेथें प्लेगही येतो, पण तो घरच्या माणसांच्या मापानें येतो. आणि सांगणारी बाई संकटांतही स्वतःला हंसूं शकते, म्हणून तिच्यावर आमचा विश्वास बसतो.

१९१८ सालच्या इन्फ्लुएंझाचें उदाहरण याहून बोलकें आहे. आपल्याकडे त्या तापाला मानमोडी म्हणत. हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें त्यानें नेलीं, आणि त्यांत पुरुषांपेक्षां बायका अधिक होत्या. घरचे सर्व अंथरुणाला खिळले असतां पाणी तापविणारी व पेज करणारी बाई अर्धपोटीं खपत राही, आणि ती पडली म्हणजे तिला पाहणारें कोणी नसे, हें त्याचें एक कारण मानलें जातें. एवढी मोठी घटना. पण मराठी कथेंत व कवितेंत तिची पावलें कितीशीं उमटलीं?

हा विचार आम्हांस केवळ पुस्तकांवरून सुचला नाहीं. एप्रिल २०२१ मध्यें परभणीस आमचें सारें घर आजारी पडलें. त्याच महिन्यांत येथील जिल्हा रुग्णालयाच्या प्राणवायूच्या नळीवर झाड कोसळलें, आणि सेवकवर्गाच्या तत्परतेनें रुग्ण वाचले. ती बातमी आम्हीं पडल्या पडल्या वाचली, आणि आपली पाळी केव्हां येते म्हणून छताकडे पाहत राहिलों. सुदैवानें ती आली नाहीं. अठरा दिवसांनीं घर उठून बसलें.

पुढें त्या दिवसांवर लेख लिहावा म्हणून आम्हीं आमच्या पत्नीनें ठेविलेली वही काढली. शाळेची शंभर पानी वही. चार रकाने: आई, आम्ही, धाकटे बंधू व मुलगा. प्रत्येकाचा ताप, प्राणवायूचें प्रमाण, औषधाची वेळ. आंकडे चोख होते, आणि आम्ही त्यांवर खूष होतों. घरांत माणसें पांच होतीं, हें ध्यानांत यावयास आम्हांस दुसरें वाचन करावें लागलें. पांचवा रकाना कोठें, असें विचारतां ती म्हणाली, "अहो, वही माझ्या हातांत होती. माझा ताप कोण बघणार होतं?" तापांत तीही होती. त्या आठवड्यांत स्वयंपाक अळणी होतो अशी आमची कुरकुर असे. वस्तुतः जेवणाऱ्यांस चव नव्हती आणि करणारीलाही नव्हती. मीठ कमी कीं जास्त, हें सांगूं शकणारें माणूस घरांत उरलेंच नव्हतें.

मग आम्हीं ती वही समासापासून वाचली. समासांत तिनें बारीक अक्षरांत टिपलें होतें: मुगाचें कढण; दूधवाल्याचे पैसे कट्ट्यावर; शेजारचा डबा परत करणें, रिकामा नको. सातव्या दिवशीं अक्षर वांकडें झालें आहे, आठव्या दिवशीं ओळी एकीवर एक चढल्या आहेत. तिच्या दुखण्याची नोंद तेवढीच. आमच्या लेखाचा खरा विषय तेथें होता, आणि आम्ही आंकडे उतरून घेत बसलों होतों.

आमच्या टीकेचा मुद्दा हाच आहे. साथीवरचें आमचें लिखाण एक तर आंकड्यांचें होतें, नाहीं तर शोकाचें; आणि शुश्रूषा करणारी बाई त्यांत आलीच, तर तिला देवी म्हणून आम्ही मोकळे होतों. देवी म्हटलें कीं तिचा ताप मोजावा लागत नाहीं. याहून चांगली रीत आमच्या जिल्ह्याला परकी नसावी. परंपरा ज्यांना गंगाखेडच्या मानते, त्या जनाबाईंच्या अभंगांत जातें आहे, उखळ आहे, शेण्या आहेत, झाडलोट आहे. कष्टांना तेथें नांवें आहेत, आणि देव येतो तो त्या कामाला हात लावण्यासाठीं येतो. दुरून स्तुति करून तो परत जात नाहीं. घरकाम हा काव्याचा विषय होय, हें ज्या भूमीनें सातशें वर्षांमागें जाणलें, तिच्या लेखकांस आजाऱ्याच्या उशाशीं काय लिहावें हा प्रश्न पडूं नये.

वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं अशी एखादी वही अद्याप असेल. ती रद्दींत जाण्यापूर्वीं एकवार उघडावी, रकाने मोजावे, आणि घरांतलीं माणसें मोजावीं. दोन्ही संख्या जुळल्या नाहींत, तर ज्याचा रकाना नाहीं त्याला तो अजून हयात आहे तोंवर विचारावें. आम्हांस हें सुचण्यास फार उशीर लागला.