चाळीस कला

माझ्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात पीयूसी आणि विम्याच्या कागदांखाली छापील पानांची एक चळत आहे. व्हील अलाइनमेंट झाल्यावर गॅरेजवाले बिलाबरोबर जे पान हातात देतात, ती ही पानं. लोक त्याची घडी घालून विसरून जातात. मी ती जपतो, आणि कुणाची वाट बघत गाडीत बसून राहावं लागलं की काढून वाचतो.

सगळ्यात वरचं पान यंदाचं. गणपतीहून परतताना, आंबा घाट चढून कोल्हापूरकडे येत असताना पाण्याने भरलेला एक खड्डा गाडीच्या डाव्या पुढच्या चाकाने तळापर्यंत मोजला. गाडी थांबली नाही, काही गळलं नाही, टायरही फुटला नाही. फक्त त्यानंतर सरळ रस्त्यावर गाडी सरळ धावत असली, तरी स्टेअरिंग उजवीकडे मान कलवून बसायचं. गाडी चालतेय ना, म्हणून दीड महिना चालढकल केली. दिवाळीच्या तोंडावर उद्यमनगरात मिस्त्रींकडे गेलो, तेव्हा त्यांनी मशीनला हात लावण्याआधी माझा हात टायरला लावायला लावला.

“आतनं भाईर फिरवा. आता भाईरनं आत.”

आतून बाहेर हात सुळकन गेला. बाहेरून आत आणताना खरखर लागली. गव्हाच्या ओंबीवरून उलटा हात फिरवल्यावर कुसळं लागतात, तशी. डोळ्यांना तो टायर जवळजवळ नवा दिसत होता. छापील पान वाचायच्या आधीची ही प्रस्तावना. ज्याने ती बोटांनी वाचली नाही, त्याला पुढचे आकडे नुसते आकडेच वाटतील.

पानाची मांडणी साधी. वरून पाहिलेली चार चाकं, प्रत्येकाशेजारी दोन रकाने, एक आधीचा आणि एक नंतरचा. मर्यादेत असलेला आकडा हिरवा, मर्यादेबाहेरचा लाल. शब्द तीनच महत्त्वाचे. टो म्हणजे चाकाचा चवडा आत वळलाय की बाहेर. कॅम्बर म्हणजे चाकाचा माथा आत झुकलाय की बाहेर. कास्टर म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं, तो आस बाजूने पाहिला तर मागे किती रेललेला आहे. सगळं माप अंशांत आणि अंशाच्या साठाव्या भागात. गॅरेजमध्ये त्या साठाव्या भागाला मिनिट म्हणतात. आपल्या पंचांगात त्याला कला म्हणतात, आणि मला या पानासाठी तोच शब्द आवडतो.

पानावर लाल आकडा एकच होता. डावं पुढचं चाक, टो, उणे ४० कला. उजवं, अधिक ४. उणे म्हणजे चवडा बाहेर, अधिक म्हणजे आत. डावं चाक बाहेर वळलेलं, म्हणजे डावीकडे. उजवं किंचित आत, म्हणजे तेही डावीकडेच. एक ४० कला, दुसरं ४, दोन्हींची सरासरी २२. स्टेअरिंग सरळ धरलं तर गाडीला २२ कला डावीकडे जायचंय. ती सरळ न्यायची, तर चालवणाऱ्याचा हात नकळत तेवढाच उजवीकडे वळणार. स्टेअरिंग साधारण सोळा अंश फिरलं की चाक एक अंश वळतं, असं धरा. बावीस सोळा तीनशे बावन्न कला, म्हणजे जवळपास सहा अंश. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सरकतो तेवढं. दीड महिना माझ्या डोळ्यांसमोर स्टेअरिंगची जी मान कललेली होती, तिचा अर्थ या दोन आकड्यांच्या बेरजेत होता.

आता वजाबाकीकडे या. धावताना दोन्ही चाकं ती चूक वाटून घेतात. ३६ कलांचा एकूण फरक, प्रत्येकाच्या वाट्याला १८. डावं चाक गाडीच्या वाटेपासून १८ कला बाहेर बघतंय, उजवंही तेवढंच बाहेर, आणि दोघांना पळायचंय समोर. अंशाचा तिसरा हिस्साही नाही हा. पण हिशेब केला तर प्रत्येक किलोमीटरमागे रबर पाच मीटरहून जास्त आडवं फरफटतं. शंभर किलोमीटरला अर्धा किलोमीटर. ओंबीची कुसळं उगवतात ती इथे. बेरजेने स्टेअरिंग वाकडं होतं आणि वजाबाकीने टायर झिजतो. दोन आकड्यांत दोन वेगळी दुखणी इतक्या काटकसरीने मावलेली मी दुसरीकडे क्वचितच वाचली आहेत.

पण या पानातली खरी ओळ लाल नाही, हिरवी आहे. कास्टर, डावा अधिक ३ अंश १४ कला, उजवा ३ अंश ३५. दोन्ही मर्यादेत, म्हणून दोन्ही हिरवे. घाईतला वाचक इथे थांबत नाही. मी चळतीतून गेल्या वर्षीचं पान काढलं. तिथे डावा होता ३ अंश ३२. जुन्या पोथ्या वाचणारे ज्याला पाठभेद म्हणतात, तो हा. उजवा जागेवर आणि डावा १८ कलांनी पुढे सरकलेला. कास्टरमुळे वळणानंतर स्टेअरिंग आपणहून मधे येतं. हात सोडून सायकल चालवता येते, त्यातही पुढच्या फोर्कच्या अशाच तिरकेपणाचा वाटा असतो. आणि हा कोन, टोसारखा, स्टेअरिंगला चाकाशी जोडणारा टाय रॉड फिरवून कमीजास्त होत नाही. तो बदलला, याचा अर्थ चाकाला खालून धरणारं काहीतरी जागचं हललं.

मिस्त्री खाली वाकले, लोअर आर्मला पहार लावून जरा ढकललं. “बुश गेलंय. आधी हे, मग मशीन.”

हा क्रम फार मोलाचा आहे. आर्मच्या सांध्यातलं हे रबरी बुश फाटलेलं असतानाही टाय रॉडचा चेकनट सैल करून, रॉड फिरवून लाल आकडा हिरवा करता येतो. गाडी उभी आहे तोवर तो हिरवाच राहतो, आणि पहिल्या ब्रेकला चाक पुन्हा मनाला येईल तिकडे बघतं. या साहित्यप्रकाराचा हा उघड दोष आहे. पान कोन सांगतं, सांध्यातला खुळखुळा सांगत नाही. टायरमध्ये हवा दोन्हीकडे सारखी होती का, हेही सांगत नाही. माझ्या चळतीत एका दुसऱ्या गॅरेजचं पान आहे, दहा मिनिटांत उरकलेलं, वरपासून खालपर्यंत हिरवंगार. त्यांनी स्टेअरिंग मधे आणून घट्ट बांधलंच नव्हतं. एकूण टो बिनचूक, आणि स्टेअरिंग वाकडं ते वाकडंच. व्याकरणशुद्ध पण निरर्थक वाक्यासारखं ते पान मी मुद्दाम ठेवलं आहे.

मिस्त्रींच्या पानात घाई दिसत नाही. नवं बुश बसलं. गाडी मागेपुढे ढकलून रिमचा वाकडेपणा हिशेबातून काढला. मागची चाकं आधी पाहिली, कारण पुढच्यांनी सरळ कशाला म्हणायचं, ते मागची ठरवतात. माझ्या गाडीचा मागचा आस अखंड आहे, तिथे फिरवायला काहीच नाही, तरी त्यांनी तो मोजला. मग नंतरचा रकाना भरला. कास्टर डावा ३ अंश ३०. टो दोन्हीकडे अधिक ३ कला. पुढचा कॅम्बर डावा उणे ३५, उजवा उणे ३०.

हा रकाना मी पुन्हापुन्हा वाचतो, कारण त्यात एकही शून्य नाही. गाडी नीट झाली, म्हणजे चारही चाकं ओळंब्यात उभी राहिली, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात एकही चाक सरळ उभं नाही. माथे आत झुकलेले, कारण वळणावर अंग बाहेर कललं की बाहेरचं चाक बाहेर लवतं, त्याची भरपाई आधीच करून ठेवलेली असते. चवडे किंचित आत, कारण धावताना रबरी बुश दबतात आणि कोन सरकतात. उभ्या गाडीत जरासं वाकडं ठेवायचं, ते धावत्या गाडीत सरळ व्हावं म्हणून. पुन्हा वळताना दोन चाकांनी सारखं वळून चालत नाही. आतल्याचं वर्तुळ लहान, म्हणून त्याने जास्त वळायचं. ही युक्ती मोटारीहून जुनी. म्युनिकच्या लँकेनश्पेर्गर नावाच्या गाड्या बांधणाऱ्याने ती घोडागाडीसाठी काढली, आणि १८१८ मध्ये लंडनला अ‍ॅकरमनने तिचं पेटंट घेतलं. नाव राहिलं ते पेटंट घेणाऱ्याचं.

मग हे पान कधी काढून घ्यायचं? पाच हजार किलोमीटरचा ठोकताळा सगळे सांगतात, आणि आपल्या रस्त्यांवर तो वाईट नाही. पण मला गाडीच्या तोंडून ऐकायला आवडतं. गाडी एका बाजूला ओढते, स्टेअरिंग मधे राहत नाही, टायर एकाच कडेने झिजतो, किंवा हाताला कुसळं लागतात. खड्डा नाहीतर फुटपाथची कड जोरात बसली, टाय रॉड किंवा सस्पेन्शनचं काही बदललं, नवे टायर घातले, तरीही. ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टेअरिंग नुसतं थरथरत असेल, तर बहुतेक वेळा ते दुखणं बॅलन्सिंगचं. त्याला रिमवर शिशाचे तुकडे लागतात, कोन नव्हे.

काम झाल्यावर मिस्त्री शेजारी बसले आणि आम्ही गावाबाहेरच्या रस्त्यावर गेलो. स्टेअरिंग मधोमध, एक काटाही इकडेतिकडे नाही. त्यांनी खूण केली, मी क्षणभर हात सैल सोडले. गाडी हळूहळू डावीकडे सरकायला लागली. मी त्यांच्याकडे पाहिलं.

“रस्ता मोकळा हाय. मधे घ्या की.”

रस्त्याच्या मधोमध गाडी आणली, हात पुन्हा सैल केले. या वेळी ती ओळंबा सोडल्यासारखी सरळ गेली. पावसाचं पाणी ओसरावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता बांधलेला असतो. त्या उताराचं नावही कॅम्बरच. पुढून एक एसटी आली, तशी मी गाडी पुन्हा डावीकडे घेतली आणि स्टेअरिंगला हलकासा हात लावून ठेवला.