हर्बर्टच्या काव्यांतील सुगंध

जॉर्ज हर्बर्टच्या कविता वर्गांत शिकवीत असतां एका विद्यार्थ्यानें मागें आम्हांस एक प्रश्न विचारला होता. ज्या पंथानें आपल्या मंदिरांतून धूप घालवून दिला, त्या पंथाचा हा धर्मोपदेशक धुपाच्या आणि अत्तराच्या भाषेंत देवाशीं कां बोलतो? आम्हीं उत्तर दिलें कीं, हा जुना काव्यसंकेत आहे. आपल्याकडे जसे चरणकमल, तसा तिकडे प्रार्थनेचा सुगंध. परीक्षेपुरतें हें उत्तर बरें होतें. परंतु तें खरें नव्हतें असें आतां आम्हांस वाटतें, आणि त्याची दुरुस्ती करावी एवढ्यासाठींच हा लेख.

काव्यांत सुगंध दोन प्रकारांनीं येतो. एक, केवळ श्रेष्ठता दाखविण्यासाठीं. फादर थॉमस स्टीफन्स यांनीं आपल्या 'ख्रिस्तपुराणां'त (१६१६) मराठी भाषेची थोरवी गातांना फुलांमध्यें मोगरी आणि परिमळांमध्यें कस्तुरी यांची आठवण केली, ती या प्रकारची. हर्बर्टनें ज्या विल्टशायर परगण्यांत आपलीं शेवटचीं वर्षें घालविलीं, त्याच परगण्यांत जन्मलेल्या या इंग्रजानें मराठीला वाहिलेलें हें फूल मराठी वाचक विसरणार नाहीं. तथापि येथें सुगंध हें एक उपमान आहे, इतकेंच. त्याच्या जागीं रत्न ठेवलें तरी अर्थ ढळत नाहीं; आणि स्टीफन्स यांनीं रत्नही ठेवलें आहेच. दुसऱ्या प्रकारांत सुगंधाऐवजीं दुसरें कांहीं ठेवून चालत नाहीं. प्रार्थनेचा सुगंध हा या दुसऱ्या प्रकारांतला आहे.

कां चालत नाहीं, हें मूळ धर्मग्रंथांत पाहिलें म्हणजे कळतें. १४१ व्या स्तोत्रांत भक्त आपली प्रार्थना धुपासारखी देवापुढें रुजू व्हावी अशी याचना करतो. 'प्रकटीकरणां'त संतांच्या प्रार्थनांबरोबर धुपाचा धूर वर चढतो. या कोमल चित्रांच्या मागें मात्र एक कठोर विधि उभा आहे. 'निर्गमा'च्या तिसाव्या अध्यायांत ऊद आणि इतर सुगंधी द्रव्यें समभाग घेऊन करावयाच्या धुपाची कृति दिली आहे, आणि लगेच ताकीद आहे कीं, असा धूप कोणी स्वतः हुंगण्यासाठीं केला तर त्याचा लोकांतून उच्छेद व्हावा. म्हणजे जो सुवास देवाचा, तो करणाराचा नव्हे. यशया संदेष्टा तर आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायांत सांगतो कीं, ज्यांचे हात रक्तानें माखले आहेत त्यांच्या धुपाचा देवाला वीट आला आहे. द्रव्य जळून नाहींसें होतें. त्याचा उपभोग करणाराला नाहीं. आणि हात स्वच्छ नसतील तर तोच सुवास ओंगळ ठरतो. रत्नाच्या उपमेंत या तीन गोष्टी बसावयाच्या नाहींत.

आरंभींच्या ख्रिस्ती लोकांचा धुपाशीं संबंध याहूनही बिकट होता. सुमारें इ. स. ११२ मध्यें प्लिनी या रोमन सुभेदारानें ट्रेजन बादशहास लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. आपण ख्रिस्ती नाहीं असें म्हणणाऱ्या आरोपींना तो बादशहाच्या मूर्तीपुढें ऊद आणि मद्य अर्पण करावयास लावी व मग सोडून देई. जे आपल्या श्रद्धेवर अडून बसत त्यांना मरण. असल्या वस्तूला त्यांच्या उपासनेंत आरंभीं जागा नव्हती यांत नवल नाहीं. चौथ्या शतकांत राजसत्ताच ख्रिस्ती झाली आणि त्यानंतर धूप हळूहळू मंदिरांत रुळला. सुसान ॲशब्रुक हार्वी या विदुषीनें 'सेंटिंग सॅल्व्हेशन' (२००६) या ग्रंथांत हा सारा प्रवास मोठ्या अभ्यासानें मांडला आहे.

सोळाव्या शतकांतील धर्मसुधारणेबरोबर इंग्लंडच्या मंदिरांतून धूप बहुतेक नाहींसा झाला. हर्बर्ट (१५९३–१६३३) बेमर्टन या खेड्याचा पाद्री झाला तो त्यानंतर, १६३० मध्यें. ग्रामपाद्र्यानें कसें वागावें यासंबंधीं त्यानें लिहिलेलें एक गद्य पुस्तक १६५२ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांत मोठ्या सणांना मंदिर डहाळ्यांनीं सजवून तेथें धूप जाळावा असें तो सांगतो. पण धुपाच्या ठिकाणीं पावित्र्य आहे म्हणून नव्हे, तर अंधश्रद्धा आणि गबाळेपणा यांच्या मधली वाट धरावी म्हणून. धूप परत आला, पण त्याचें पावित्र्य परत आलें नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, तें पावित्र्य हर्बर्टच्या शब्दांत येऊन राहिलें. त्याच्या मृत्यूनंतर १६३३ मध्यें निघालेल्या 'द टेंपल' या संग्रहांतील तीन कविता आम्ही याची साक्ष म्हणून घेतों.

पहिली 'द ओडर', म्हणजे सुगंध. 'माझे स्वामी' हे दोन शब्द कवि उच्चारतो आणि त्यांच्या गोडीनें विस्मित होतो. अंबर चाखणाऱ्याच्या तोंडीं त्याचा दरवळ मागें राहावा, तसा या शब्दांचा दरवळ मागें राहतो, आणि कवि दिवसभर आपलें मन त्यानें सुवासित करीत असतो. नाद, रुचि आणि गंध येथें एकमेकांत मिसळलेले आहेत. सुवासांचा रस्सा पिऊन मन पुष्ट होतें ही कल्पना आम्हांसही थोडी ओढून आणल्यासारखी वाटते. पण पुढें कविता खरी उंची गांठते. स्वामीनें आपल्याला उलट 'माझा सेवक' म्हणावें, आणि त्या दोन शब्दांना स्वामीच्या ठायीं थोडा तरी सुवास यावा, अशी कवीची आस आहे. येथें तो पोमँडरचा दृष्टान्त घेतो. पोमँडर म्हणजे अंबर, कस्तुरी इत्यादींची गोळी. रोगट हवेपासून रक्षण होईल या समजुतीनें त्या काळीं लोक ती जाळीच्या डबींत घालून जवळ बाळगीत. तिला ऊब लागली कीं वास वाढतो. कवि म्हणतो, आपल्या उणेपणाला मिळालेली क्षमा हीच ती ऊब. प्रार्थनेच्या शब्दांचा सुगंध उच्चारणाराच्या गुणांनीं वाढत नाहीं. त्याला मिळालेल्या क्षमेनें वाढतो. भक्तिकाव्यांतील ही एक फार खोल जाण आहे.

इतकें असूनही या कवितेंत एक उणीव आहे असें आमचें मत आहे. शीर्षकाबरोबर हर्बर्टनें पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा निर्देश केला आहे. त्या अध्यायांत पौल स्वतःला व आपल्या सोबत्यांना ख्रिस्ताचा सुगंध म्हणवितो खरा; पण लगेच पुढें तो बजावतो कीं, हाच वास कांहींना जीवनाचा आणि कांहींना मरणाचा आहे. हर्बर्टनें जीवन घेतलें आणि मरण गाळलें. कवितेंत ऊब आहे, पण कांहीं जळत नाहीं, कांहीं फुटत नाहीं. दिवसभर आपलें मन सुवासित करीत बसलेला हा भक्त 'निर्गमां'तील ताकीद विसरून तो धूप स्वतःच हुंगत नाहीं ना, अशी शंका वाचकास आल्यावांचून राहत नाहीं.

या शंकेचें उत्तर त्याच संग्रहांत आहे. 'द बँक्वेट' ही प्रभुभोजनावरील कविता. तींत पोमँडर पुन्हां येतो, परंतु आतां त्याला ऊब पुरत नाहीं. पोमँडर आणि सुगंधी लाकूड हीं अखंड असतांनाही चांगलींच. पण चिरडलीं, ठेंचलीं म्हणजे त्यांचा वास अधिक खुलतो. तसाच देव या भोजनांत भग्न होऊन समोर येतो, असें हर्बर्ट म्हणतो. 'लाइफ' या तिसऱ्या कवितेंत कवीनें बांधलेला फुलांचा गुच्छ दुपारपर्यंत त्याच्या हातांतच कोमेजतो. तो रागावत नाहीं. आपला सुवास चांगला असेल तर आपलेंही आयुष्य फुलांइतकेंच अल्प असो, एवढें म्हणून फुलांना निरोप देतो. पहिल्या कवितेंत गाळलेलें मरण अशा रीतीनें दुसऱ्या दोन कवितांनीं भरून काढलें आहे. 'द ओडर' एकटीच निवडून छापणारे संग्रहकार म्हणूनच कवीवर अन्याय करतात. एकटी वाचली तर ती गोड वाटते; तिघी मिळून वाचल्या तर गोडीची किंमत कळते.

मराठी वाचकाला या ठिकाणीं चंदनाची आठवण व्हावी हें साहजिक आहे. चंदनासारखें झिजणें हा आपल्या भाषेंत थोरपणाचा जुना दाखला. दोन्हीकडे द्रव्य खर्ची पडतें तेव्हांच वास येतो. त्यामुळें हर्बर्ट आपल्याला परका वाटत नाहीं. परंतु साम्य दिसतांच दोन्ही एकच आहेत असें म्हणून मोकळें होणें हा आमच्या तुलनात्मक टीकेचा एक आळशीपणा आहे. आपल्याकडे लोकांसाठीं झिजतो तो सज्जन; 'द बँक्वेट'मध्यें मोडला जातो तो प्रत्यक्ष देव. भक्ताचा सुवास त्या मोडण्यांतून उसना आलेला आहे. हा भेद पुसला तर कविता शिल्लक राहते, पण तिचा अर्थ उडून जातो.

तेव्हां त्या विद्यार्थ्याला आज आम्ही असें सांगूं: मंदिरांत धूप जळत असता तर हर्बर्टला एवढें बोलावें लागलें नसतें. तेथें जळावयाचें तें उदबत्तीच्या काडीप्रमाणें डोळ्यांपुढें जळलें असतें. तें उरलें नाहीं, म्हणून जळण्याचें काम शब्दांवर आलें. आणि ज्या कवितेंत शब्द नुसते दरवळतात, पण कवीचें कांहीं खर्ची पडत नाहीं, तिला कितीही सुवास असो, धूप म्हणतां यावयाचें नाहीं. ही कसोटी एकट्या ख्रिस्ती काव्यापुरती आहे असें आम्हांस वाटत नाहीं.