कापरेकरांना ‘जादूगार’ म्हणणं आता पुरे

दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांवरच्या मराठी लेखांत दोन गोष्टी हटकून येतात: ‘जादू’ आणि ६१७४. उलट बाजूचा आक्षेप असा, की हा सगळा दशमान पद्धतीचा खेळ. लिहायची पद्धत बदला, गंमत संपली. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. का, ते एका अवाढव्य मूळ संख्येच्या मदतीने बघूया.

कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते. डोंबिवली स्टेशनवर त्यांना काही संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्यांचं नाव ठेवलं ‘डेम्लो’. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१, या त्यातल्याच. (तसं बघितलं तर १ चा आकडा खांबासारखा दिसतो, रोह्याजवळच्या आमच्या खांबचं नावही चाललं असतं की!)

आता वर्ग सोडा, नुसती एकांची रांग घ्या. ती मूळ संख्या कधी असते? ११ आहे. १११ नाही, कारण ३ × ३७. त्यानंतर थेट १९ एकांची, मग २३ एकांची. ३१७ एकांची रांग मूळ असल्याचं १९७८ साली सिद्ध झालं, १०३१ एकांची १९८६ साली. त्याच वर्षी कापरेकर गेले.

हीच रांग द्विमान पद्धतीत वाचा. ११ म्हणजे ३, १११ म्हणजे ७, १११११ म्हणजे ३१. या झाल्या मर्सेन मूळ संख्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरँट यांनी शोधलेली विक्रमी संख्या म्हणजे द्विमानात एका ओळीत १३,६२,७९,८४१ एक! दशमानात तिचे ४,१०,२४,३२० अंक होतात. दशमानातल्या सिद्ध झालेल्या रांगा हिच्या आसपासही नाहीत.

का बरं? द्विमानातल्या रांगेत १ मिळवा: एकापुढे नुसती शून्यं उरतात, म्हणजे २ चा घात. अवयव पाडायचं कामच नाही. ल्युका-लेमर कसोटी याच सोयीवर उभी आहे. दशमानातल्या रांगेतून १ वजा केला तर १११…१० उरतं आणि त्याचे अवयव शोधताना दमछाक होते.

म्हणजे आक्षेप अर्धा खरा. संख्या मूळ असणं लिहिण्यावर अवलंबून नाही. पण ते सिद्ध करणं आपल्याला झेपेल का, हे तिचा आकार कुठल्या पद्धतीत सोपा दिसतो यावर बरंच ठरतं.

आणि कापरेकर संख्या? ४५ चा वर्ग २०२५; २० + २५ = ४५. हा खेळ द्विमानात करा. ६ म्हणजे ११०; वर्ग १००१००; तुकडे १० आणि ०१००, म्हणजे २ + ४ = ६. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या द्विमानात अशी वागते, आणि अशी प्रत्येक संख्या एकेका मर्सेन मूळ संख्येपासूनच तयार होते. पाया बदलल्यावर गंमत संपली तर नाहीच, उलट युक्लिडपर्यंत पोचली.

‘जादू’ म्हटलं की ‘का?’ विचारणं थांबतं, माझी तक्रार एवढीच आहे. २८ तुम्ही करून बघा. वर्ग ११०००१००००. कुठे कापाल?